न्हाणीघराचा झरोका

श्रीवर्धन
१७ नोव्हेंबर २०२४

ती. मामा,
सविनय जय भीम.

पोहोचले, खोली मिळाली, जेवण बरं आहे. एवढं आईला फोनवर सांगून झालं. तिने ते तुमच्या कानाशी ओरडून सांगितलं असेल आणि तुम्हाला त्यातलं अर्धंच ऐकू आलं असेल, म्हणून हे पत्र. चाळीस वर्षं काँक्रीटच्या मिक्सरशेजारी उभं राहून तुम्ही कान घालवलेत, आणि मोबाईलवर तुमच्या एका बोटाखाली तीन अक्षरं दाबली जातात. तेव्हा आपल्या दोघांचं हे असंच चालू दे. पोस्टमन तळ्याच्या बाजारातून आपल्या वाडीपर्यंत येतो, एवढं पुरे आहे.

मी निघताना तुम्ही विचारलंत, "तू नक्की शिकणार काय हायस?" तेव्हा मला सांगता आलं नाही, कारण मलाच नीट माहीत नव्हतं. आता थोडं कळलंय. इथल्या प्रशिक्षण केंद्रात आम्ही बारा शिकाऊ उमेदवार आहोत, नऊ महिन्यांसाठी. आठवड्यातले दोन दिवस वर्गात आणि चार दिवस लोकांच्या घरी. घर तापतं कुठून, गार केलेली हवा निसटते कुठून, विजेचं बिल कशामुळे वाढतं हे शोधायचं आणि दुरुस्त करायचं. पत्र्याखाली तापरोधक चादर, स्लॅबवर पांढरा लेप, दारं-खिडक्यांच्या फटींना रबरी पट्ट्या. तुम्ही घरं बांधलीत, मी बांधलेल्या घरांच्या खोड्या काढणार आहे, असं समजा.

फट शोधायची युक्ती तुम्हाला आवडेल. सगळी दारं-खिडक्या बंद करायच्या, खोलीतली हवा बाहेर ओढणारा पंखा लावायचा आणि पेटती अगरबत्ती घेऊन भिंतीच्या कडेकडेने चालायचं. जिथे धूर एकदम वाकतो तिथे फट. पहिल्या दिवशी मी वर्गाच्या खोलीत एकवीस फटी शोधल्या. शिकवणाऱ्या नूतन मॅडम पेणच्या आहेत, इंजिनिअर. बोलतात कमी, पण पाना कसा धरायचा ते स्वतः दाखवतात. माझ्या खोलीत कल्पिता आहे, उरणकडची. तिच्या घरची मिठागरं होती, आता भाऊ ट्रक चालवतो. मी शिडीवर चढले की ती खालून विचारते, "काय गो, वरून समुद्र दिसतो का?"

खरंच दिसतो.

तुमची
दीक्षा


बौद्धवाडी, ता. तळा
२५ नोव्हेंबर २०२४

चि. दीक्षास,
मंगल कामना.

पत्र मिळालं. तुझ्या आईला दोनदा वाचून दाखवलं. अगरबत्तीचा भाग तिने तिसऱ्यांदा वाचायला लावला. मग आपल्या खोलीत तिने स्वतः करून बघितलं. धूर सगळीकडेच वाकतो म्हणाली.

मी सातवीपर्यंत शिकलो आणि ओळंबा धरून पुढचं शिकलो. माझ्या हाताखाली जी घरं उभी राहिली त्यांत हवा कुठून जाते हे कुणी विचारलं नाही. मालक विचारायचा, कधी देतोस? तेवढंच. आता माझ्याच स्लॅबखाली मी एप्रिलमध्ये दुपारी झोपू शकत नाही, तेव्हा तुझ्या विद्येचा पहिला उपयोग मामाला होऊ दे. तो पांढरा लेप कसा करतात ते कळव. चुना चालतो का?

गावात विशेष काही नाही. वाल पेरून झाले. विहाराच्या भिंतीला ओल आली होती, ती मी आणि दोघा पोरांनी मिळून गिलावा करून बंद केली. रघू येऊन काठी टेकून बघत उभा होता. तो माझ्याबरोबर कामाला होता ते तुला आठवणार नाही, तू जन्मलीही नव्हतीस. पाय गेल्यापासून तो घरीच असतो. त्याचा धम्मदीप आता रिक्षा चालवतो. "कोपरा बरोबर आला न्हाय," असं रघू म्हणाला. कोपरा खरंच चुकला होता. मी पुन्हा केला.

शिडीवर चढताना मागे कुणीतरी धरायला हवं. हे तुझ्या मॅडमना ठाऊक असेलच, तरी लिहितो.

तुझा मामा
कृष्णाजी


श्रीवर्धन
२२ डिसेंबर २०२४

ती. मामा,
सविनय जय भीम.

चुना चालतो. कळीचा चुना रात्रभर भिजवा, गाळून घ्या, त्यात थोडा फेविकॉल घाला म्हणजे पाण्याने लगेच धुऊन जाणार नाही. स्लॅब आधी घासून स्वच्छ करा. दोन हात द्या, पहिला वाळल्यावर दुसरा आडवा. फरक पडला की नाही ते मला आईच्या झोपेवरून कळेल.

आता माझी बातमी. हरिहरेश्वरच्या रस्त्याला एक घर मला एकटीला दिलं होतं. म्हणजे मोजमाप मॅडमनी माझ्यासमोर घेतलं, पण शेवटचं काम माझं. घर येसूबाई म्हणून सत्तरीच्या बाई आहेत त्यांचं. त्यांचा मुलगा देवाला येणाऱ्या आणि समुद्रावर येणाऱ्या लोकांना खोल्या देतो. एका खोलीत एसी आहे आणि ती खोली काही केल्या गार होत नव्हती. मी पट्ट्या लावल्या, छताखाली चादर लावली, तरी धूर वाकतच होता. शेवटी लक्षात आलं, खोलीला लागून न्हाणीघर आहे, त्याच्या दाराखालून हवा जाते आणि न्हाणीघराच्या झरोक्यातून बाहेर. झरोका काचेच्या पट्ट्यांचा, त्यातल्या दोन फुटलेल्या. मी तिथे मापाचा बोर्ड कापून बसवला आणि कडा बंद केल्या. खोली वीस मिनिटांत गार झाली! मुलगा तर दर पाच मिनिटांनी आत येऊन बघत होता.

येसूबाईंनी मला जाऊ दिलं नाही. चुलीजवळ पाट मांडून तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. "पोरीच्या जातीनं भिंतीला भोकं पाडायची का बुजवायची गं?" म्हणाल्या. मी म्हटलं, आजी, दोन्ही. ओट्यावर बसून चहा पिता पिता मी तपासणीचा तक्ता भरून टाकला.

मॅडमनी तो तक्ता वर्गात सगळ्यांना दाखवला. असा भरा म्हणाल्या. मामा, मला आजवर कुणी कुठल्याच वर्गात असं म्हटलं नव्हतं.

तुमची
दीक्षा


श्रीवर्धन
१२ जानेवारी २०२५

ती. मामा,
जय भीम.

बरेच दिवस पत्र नाही, माफ करा. कामं होती.

मी बरी आहे. आईला काळजी करू नको म्हणून सांगा. येसूबाईंबद्दल मागे लिहिलं होतं ना, त्यांना गेल्या सोमवारी न्हाणीघरात भोवळ आली. आता बऱ्या आहेत. डॉक्टरांनी रक्तदाब म्हटलं.

मामा, एक विचारायचं होतं. हे शिक्षण मी मध्येच सोडलं तर तुम्ही रागावाल का? तळ्याला एखाद्या दुकानात काम मिळेल. मला वाटतं, हे काम माझ्याच्याने होणार नाही.

स्लॅबला चुना दिलात का?

दीक्षा


बौद्धवाडी, ता. तळा
१६ जानेवारी २०२५

चि. दीक्षास,
मंगल कामना.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या आईला फक्त "बरी आहे" एवढंच वाचून दाखवलं. ती म्हणाली, आज पत्र एवढं छोटं कसं? मी म्हटलं, पोर थकली असेल.

मी आडून विचारणार नाही, सरळ विचारतो. तुझं आडनाव कळल्यावर तिथे कुणी काही बोललं का? कुणाच्या घरी पाण्याचा तांब्या वेगळा ठेवला का? ज्यांची घरं मी पायापासून उभी केली त्यांतल्या दोघा-तिघांनी वास्तुशांतीच्या दिवशी मला मागच्या पडवीत वाढलं होतं. मी जेवलो आणि गप्प घरी आलो. तू गप्प राहायचं कारण नाही. किंवा कुणी पुरुष माणूस कामावर वेडंवाकडं वागत असेल तर तेही लिही. लाजू नकोस, मी म्हातारा माणूस आहे.

शिक्षण सोडायचं असेल तर सोड. पण दुसऱ्याच्या वागण्यापायी सोडू नकोस. तू एक ओळ लिही, मी म्हसळ्यावरून गाडी पकडून त्याच दिवशी श्रीवर्धनला येतो. मला ऐकू येत नसलं तरी समोर उभं राहता येतं.

चुना दिला. दोन्ही हात दिले.

तुझा मामा
कृष्णाजी


श्रीवर्धन
२० जानेवारी २०२५

ती. मामा,

हे पत्र आईला वाचून दाखवू नका.

तुम्ही समजलात तसं काही नाही. येसूबाईंनी मला चुलीजवळ बसवून वाढलं होतं. उलट तसं काही झालं असतं तर मला सोपं गेलं असतं.

झालं ते असं. त्या न्हाणीघरात गॅसचा गीझर आहे, भिंतीवर, आतल्या बाजूला. मी झरोका बंद करताना तो माझ्या डोक्याच्या वर होता. मी त्याला धक्का लागू नये म्हणून वाकून काम केलं, म्हणजे मी तो पाहिला होता. तक्त्यात एक ओळ असते, "या जागेत गॅसवर चालणारं काही आहे का?" मी ओट्यावर चहा पिताना सगळ्या खोल्यांच्या ओळी एकदम भरल्या आणि तिथे "नाही" लिहिलं. माझ्या मनात गॅस म्हणजे स्वयंपाकघर.

गॅस जळायला हवा लागते. हवा पुरली नाही की जळताना त्यातून विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला वाटतं झोप येतेय, आणि तो खाली बसतो. हे आम्हाला दुसऱ्याच आठवड्यात शिकवलं होतं.

त्या सोमवारी खोलीत पाहुणे नव्हते म्हणून येसूबाई तिथे अंघोळीला गेल्या. दार लावलं, गीझर लावला. सुनेने बाहेरून हाक मारली, ओ आली नाही. तिने दार ढकललं, कडी जुनी होती म्हणून निघाली. येसूबाई बादलीशी टेकून बसल्या होत्या. बाहेर ओट्यावर आणल्यावर हळूहळू शुद्धीवर आल्या. सगळे म्हणाले रक्तदाब.

मला हे दुसऱ्या दिवशी कळलं आणि त्याच क्षणी मला काय झालं ते कळलं. मी रिक्षाने तिथे गेले. "आजी, बोर्डाला रंगाचा वास येतोय, बदलते," असं म्हणून तो बोर्ड काढून आणला आणि झरोका उघडा ठेवला. येसूबाई खाटेवर होत्या. त्यांनी सुनेला सांगितलं, "हिला चहा कर." मी चहा प्यायले, मामा. खरं काय ते कुणाला सांगितलं नाही. मॅडमना नाही, कल्पिताला नाही. घर आता सुरक्षित आहे, मग सांगून काय होणार, असं स्वतःला रोज समजावलं. मार्च महिन्यात पहिल्या टप्प्याच्या प्रमाणपत्राची परीक्षा आहे. एका कंपनीचे लोक मॅडमना माझं नाव विचारून गेलेत.

आज सकाळी कल्पिता केस विंचरता विंचरता म्हणाली, "तुझ्यासारखाच झरोका आम्हीपण बंद केला परवा. तुझा तक्ता समोर ठेवूनच भरला." मी विचारलं, आत गीझर कसला होता? तिला आठवेना.

मॅडमनी माझा तक्ता सगळ्यांना दिला आहे. माझं "नाही" कुणी कुणी उतरवून घेतलं असेल मला माहीत नाही.

तुम्हाला विचारणार होते की काय करू. म्हणून पत्र लिहायला बसले. पण हे तुमच्यापर्यंत पोहोचायला चार दिवस, तुमचं उत्तर यायला चार दिवस. तेवढ्यात कितीजण अंघोळ करतील? मला हे पहिल्या ओळीलाच कळायला हवं होतं.

पाकीट बंद करते. मॅडम वर्गात आहेत, आत्ताच जाते.

दीक्षा


बौद्धवाडी, ता. तळा
२६ जानेवारी २०२५

चि. दीक्षास,

तुझं पत्र काल मिळालं. पुढे काय झालं ते मला माहीत नाही. तुझी आई फोनवर तुझ्याशी बोलली, म्हणाली आवाज बरा आहे. मी तिला काही सांगितलं नाही.

तू मला विचारलं नाहीस ते बरं झालं. विचारलं असतंस तर मी काय सांगितलं असतं, याचा मी रात्रभर विचार केला. मला वाटतं मी सांगितलं असतं, "झालं ते झालं, आता घर ठीक आहे ना, मग परीक्षा दे." कारण मी तेच केलं होतं.

हे मी कुणाला लिहिलेलं नाही, बोललेलं नाही.

अठ्ठ्याण्णव साली माणगावच्या बाजूला एका बंगल्याचं काम मी घेतलं होतं. स्लॅब ओतून नऊ दिवस झाले होते. टेकू तीन आठवडे तरी ठेवावे लागतात, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण दुसऱ्या साईटवर टेकू कमी पडत होते आणि तिथला मालक घाईवर आला होता. मी रघूला सांगितलं, मागच्या गॅलरीखालचे टेकू काढ. तो म्हणाला, "लवकर होतंय रं." मी म्हटलं, "काढ, मी सांगतो ना." त्याने काढले. तो खालच्या फळ्या गोळा करत होता तेव्हा गॅलरी खाली आली.

रघू वाचला. पाय कायमचा अधू झाला आणि डोक्याला मार लागला. दहा दिवस त्याला शुद्ध नव्हती. शुद्धीवर आला तेव्हा त्या सकाळचं त्याला काहीच आठवत नव्हतं.

तोवर मी मालकाला आणि चौकशीला आलेल्यांना सांगून मोकळा झालो होतो. म्हटलं, मी नको म्हणत होतो, रघू प्यायला होता, त्याने आपल्या मनाने टेकू काढले. रघू त्या काळी संध्याकाळी घ्यायचा, हे साऱ्या गावाला माहीत होतं. सगळ्यांनी विश्वास ठेवला. रघूनेही ठेवला, पोरी. त्याने त्यानंतर दारूला हात लावला नाही. आपण नशेत स्वतःचा पाय घालवला असं मानून तो सव्वीस वर्षं जगला. त्याचा धम्मदीप तेव्हा पाळण्यात होता. तो मोठा झाला तो बापाला दारुडा समजूनच. अजूनही बापाशी नीट बोलत नाही. मला ते रोज दिसतं.

तू पत्राचं पाकीट बंद करून सरळ उठलीस. मी हे लिहून झाल्यावरही इथेच बसलो आहे.

मामा


श्रीवर्धन
१८ फेब्रुवारी २०२५

ती. मामा,
सविनय जय भीम.

तुमचं पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तर द्यायला वेळ लागला तो तुमच्यावर राग आला म्हणून नाही. आधी इकडचं सांगते.

मागचं पत्र लिहिलं त्याच सोमवारी मी मॅडमना वर्गाबाहेर बोलावलं आणि सगळं सांगितलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "किती जणांनी तक्ता उतरवला?" मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी वर्ग तिथेच थांबवला, दोन रिक्षा बोलावल्या, आणि आम्ही बाराजण सहा-सहा करून निघालो. डिसेंबरपासून काम केलेली अकरा घरं. वाटेत मॅडम प्रत्येक घरी फोन करत होत्या, आम्ही येईपर्यंत कुणी न्हाणीघरात गीझर लावू नका म्हणून. दोन घरी फोन उचलला नाही.

त्यातलं एक घर कल्पिताने काम केलेलं. आम्ही पोहोचलो तेव्हा अंगणात धुणं वाळत होतं, लहान लहान दुपटी. पंधरा दिवसांची बाळंतीण. तिची आई आतून म्हणाली, "थांबा, बाळाला न्हाऊ घालायचंय, पाणी तापतंय." कल्पिता चपला न काढता आत धावली. गीझर बंद केला, दार उघडलं, बोर्ड हातानेच ओढून काढला, तिची बोटं कापली. बाळ आजीच्या मांडीवर होतं, अजून बाहेरच्या खोलीत. कुणाला काही झालं नाही. त्या बाई आमच्यावर चिडल्या, थंडीच्या दिवसांत वारा कशाला आत घेता म्हणून. मॅडमनी त्यांना ओट्यावर बसवून सगळं समजावलं. मी उभी होते. मला त्या दुपट्यांकडे बघवेना.

अकरांपैकी तीन घरांत गीझर आतच होता आणि झरोका बंद. तीनही तक्त्यांवर "नाही". आता तिन्ही गीझर बाहेरच्या भिंतीवर गेले, झरोक्याला जाळी बसवली.

मग येसूबाईंकडे गेले. मॅडम बरोबर येणार होत्या, मी म्हटलं, मी एकटी बोलते, तुम्ही फाटकाशी थांबा. मी सगळं सांगितल्यावर येसूबाईंच्या मुलाने मला घराबाहेर काढलं. "आईला मारलं असतंस," म्हणाला. खरंच होतं. येसूबाई आतून ऐकत होत्या. त्या दिवशी त्यांनी चहाचंही विचारलं नाही. नंतर त्यांची पुन्हा सगळी तपासणी झाली, ठीक आहेत. मी त्यानंतर त्यांच्याकडे गेलेले नाही.

मला दोन महिने घरांच्या कामावरून काढलं आहे. मार्चची परीक्षा देता येणार नाही, पुढच्या तुकडीबरोबर ऑगस्टमध्ये. त्या कंपनीला मॅडमनी स्वतः कळवलं. मॅडमनी वरच्या लोकांना जो अहवाल पाठवला त्यात पहिली चूक स्वतःची लिहिली, की एका मुलीचा तक्ता न तपासता नमुना म्हणून वाटला. मी तो वाचला. मला वाटलं होतं मोठ्या माणसांना असं लिहावं लागत नाही.

गेल्या आठवड्यात नवीन वीस मुलं-मुली आली. मॅडमनी मला पहिला तास घ्यायला सांगितलं. काय सांगू विचारलं तर म्हणाल्या, "तुला ठाऊक आहे." मी नाव न घेता सांगणार होते, "एका उमेदवाराने" असं. पण तोंडातून "मी" निघालं. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मग ताई, तुम्हाला काढून का नाही टाकलं?" मी खरं ते सांगितलं, की मलाही माहीत नाही. वर्ग हसला नाही. मग मी त्यांना उठवलं आणि केंद्राच्या इमारतीत फिरवलं, गॅस कुठे कुठे जळतो ते दाखवायला. चहाच्या खोलीत, प्रयोगाच्या खोलीत, मागच्या मोरीत. प्रत्येक जागी मी थांबायचे आणि ते स्वतः जाऊन बघायचे. ओट्यावर बसून कुणी काही लिहिलं नाही.

मी शिक्षण सोडत नाही.

तुमच्याबद्दल मी काय लिहू? तुम्ही मला खांद्यावर घेऊन शाळेत सोडलंत. बाबा गेल्यावर आईला आपल्या घराशेजारी खोली बांधून दिलीत. ते खोटं होत नाही. पण दुसरंही आता मला माहीत आहे.

रघूमामांचा पाय अजून दुखतो का?

तुमची
दीक्षा


बौद्धवाडी, ता. तळा
२० मार्च २०२५

चि. दीक्षास,
मंगल कामना.

तुझी शेवटची ओळ घेऊन मी दोन आठवडे फिरलो. दोनदा रघूच्या दारापर्यंत गेलो आणि वालाच्या शेंगा देऊन परत आलो.

आठ तारखेला दुपारी तो घरात एकटा होता. मी समोर बसलो आणि सांगितलं, जसं तुला लिहिलं तसंच. माझे कान असे, की तो हळू बोलला तर मला कळणार नाही, म्हणून मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. तो मग म्हणाला, "म्हंजे मी प्यायलो न्हवतो?"

मी म्हटलं, "न्हाय. सकाळची वेळ होती. तू चहा पिऊन आला होतास. तू नको म्हणत होतास, मी काढायला लावले."

त्याने पुन्हा विचारलं, "मी न्हवतो प्यायलो?" आणि मग हात पुढे करून मला उठायची खूण केली. मी उंबऱ्याशी पोहोचून मागे वळलो तेव्हा मोठ्याने एवढंच म्हणाला, "पोराला सांग. माज्याकडनं न्हाय. तुज्या तोंडानं."

मी विचार केला, खोटं मी गावासमोर सांगितलं होतं, तर खरं एकट्या धम्मदीपला कानात सांगून भागणार नाही. रविवारी विहारात वंदना झाली, लोक उठायला लागले तेव्हा मी उभा राहिलो. म्हटलं, थोडं बसा. तुझी आई पुढेच बसली होती. तिला मी आदल्या दिवशी सांगितलं होतं, ती त्या रात्री जेवली नाही, पण आली. मी सगळं सांगितलं. साल, गाव, टेकू, किती दिवस, कुणी सांगितलं, कुणी नको म्हटलं. माझा आवाज केवढा झाला मला कळत नाही, पण बाहेर खेळणारी पोरंसुद्धा दारात आली, म्हणजे मोठा झाला असावा.

 दोन म्हातारे उठून गेले. विहार समितीच्या कामातून मी स्वतःचं नाव काढून घेतलं, त्यांनी नको म्हटलं नाही. रघू भिंतीला टेकून बसला होता. त्याने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत तो धम्मदीपकडे बघत होता. धम्मदीप खाली मान घालून होता.

त्यानंतर रघू माझ्याशी बोललेला नाही. रस्त्यात दिसला तर काठी दुसऱ्या हातात घेतो आणि पुढे जातो. मी त्याला थांबवत नाही. बोलायचं की नाही हे त्याने ठरवायचं. तुझ्या आईने मात्र परवा माझ्या पानात भाकरी वाढताना विचारलं, "अजून एक घेतोस?" एवढं तरी झालं.

तू विचारलंस म्हणून लिहितो, पाय दुखतो. पावसाळ्यात जास्त.

मंगळवारी सकाळी धम्मदीप रिक्षा घेऊन माझ्या दारात आला. खाली उतरला नाही, बसल्या जागेवरून मोठ्याने म्हणाला, "काका, त्या दिवशी आबा शुद्धीत होते?"

मी म्हटलं, "होय."

"चहाच प्यायले होते?"

"चहाच. माझ्या समोर. टपरीवर."

तो हँडल धरून बसून राहिला. मला वाटलं आता शिवी देईल, आणि मी ती ऐकून घेणार होतो. पण त्याने आणखी एक विचारलं, अजून मोठ्याने. "आबांनी टेकू काढायला नको म्हटलं होतं?"

मी म्हटलं, होय. नको म्हटलं होतं. त्याला काम कळत होतं, मला कळत असून मी केलं.

मग त्याने रिक्षा वळवली. तळ्याच्या रस्त्याला लागला नाही, परत आपल्या घराकडे गेला. मी ओट्यावरून बघत होतो. त्याने रिक्षा दारात उभी केली, आत गेला, आणि रघूला हाताला धरून बाहेर आणलं. काठी आतच राहिली होती. त्याने बापाला पुढच्या सीटवर, आपल्या शेजारी बसवलं आणि दोघे बाजाराच्या दिशेने गेले.

तुझा मामा
कृष्णाजी